परीक्षा होईपर्यंत

मार्च उजाडला की आमच्या मुलुंडच्या इमारतीचा आवाज खाली उतरतो. सेक्रेटरी लिफ्टजवळच्या फळ्यावर खडूने लिहितात, 'मुलांच्या परीक्षा चालू आहेत, शांतता राखा.' कुणाच्या घरी फरशीचं काम चाललेलं असेल तर ते एप्रिलवर जातं. समोरच्या दारातून येणारा मालिकांचा आवाज बंद होतो आणि आई-मुलीचं पुटपुटणं तेवढं ऐकू येत राहतं. फाटकाजवळचा सोनमोहोर नुकताच फुलायला लागलेला असतो. वॉचमन सकाळी पिवळा सडा झाडतो आणि दुपारपर्यंत तो पुन्हा पडतो. हवेत अजून पुरता उकाडा नसतो, पण अंघोळ करून बाहेर पडलं की मानेवर घाम जाणवतो.

याच दिवसांत जिन्यात, दाराच्या फटीतून, फोनवर हात धरून बोललेलं एक वाक्य हमखास ऐकू येतं. "परीक्षा होईपर्यंत तिला काही सांगू नका हं."

काय सांगायचं नसतं, ते घराघराप्रमाणे बदलतं. आजोबांचा रिपोर्ट, बाबांची सुटलेली नोकरी, मोडलेलं लग्न. माझ्या दहावीच्या वेळी पार्ल्याची मावशी होती. ती गेली, आणि मला ते शेवटचा पेपर झाल्यावर कळलं. मी घरी आले, आईने आधी पन्हं दिलं, ते संपेपर्यंत माझ्यासमोर बसून राहिली आणि मग सांगितलं. मावशीला जाऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते. त्या नऊ दिवसांत मी नकाशात नद्या भरल्या होत्या, प्रमेयं पाठ केली होती, आणि आई रोज पहाटे मला चहा देऊन मागे वळताना डोळे पुसत होती, ते मी पाहिलं नव्हतं. मला राग आल्याचं आठवत नाही. मार्क चांगले पडले. केलं ते बरोबरच केलं, असं घरात सगळ्यांनी ठरवलं, आणि मीही त्यांच्याबरोबर तेच ठरवलं.

हे आधी सांगते आहे, कारण पुढे मी जे केलं त्यासाठी मला फार विचार करावा लागला नाही.

मी जर्मन शिकवते. घाटकोपरला, एका फरसाणाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचा क्लास आहे. संध्याकाळी पापडीचा घाणा निघतो तेव्हा वर्गातल्या सगळ्यांना भूक लागते. माझ्या बहुतेक विद्यार्थिनी नर्स असतात. जर्मनीत म्हाताऱ्यांची संख्या फार आणि त्यांना सांभाळणारे हात कमी, म्हणून आमच्या वाकोल्या-भांडुपच्या मुली ड्युटी संपवून, अंगाला डेटॉलचा वास असतानाच, वर्गात येऊन बसतात आणि क्रियापदं चालवतात.

मी स्वतः ही भाषा पुस्तकातून शिकले नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे तीन वर्षं दक्षिण जर्मनीतल्या एका लहानशा गावात राहिले. परदेशात भाषा येत नसली की माणूस लहान होतो. पस्तिशीची, एम.ए. झालेली बाई मी, पण बेकरीत बोट दाखवून पाव मागायची आणि बेकरीवाली माझ्याशी चार वर्षांच्या मुलीशी बोलावं तशी मोठ्याने, सावकाश बोलायची. शनिवारी मी चर्चच्या हॉलमध्ये तिथल्या भारतीय मुलांना मराठी आणि गणित शिकवायची. बाकीचे दिवस शेजारच्या एका विधवा आजींच्या स्वयंपाकघरात बसून स्वतः शिकायची. त्या बटाटे सोलत बोलायच्या, मी बटाटे सोलत चुकायची. त्यांनी कधी माझी चूक मोठ्याने काढली नाही. मी वाक्य चुकीचं बोलले की त्या तेच वाक्य बरोबर करून, जणू आपलंच असल्यासारखं, पुन्हा म्हणायच्या. पुढे आगगाडीने एकटी हिंडायला लागले, तिकीट तपासनीसाशी वाद घालायला लागले, तेव्हा मी पुन्हा हळूहळू मोठी झाले. मुंबईला परत आल्यावर शिकवायला लागले ते त्या आजींच्याच पद्धतीने.

वैजयंती माझ्याकडे आली तेव्हा तेहेतीस वर्षांची होती. वाकोल्याची. अकरा वर्षं वॉर्डात काढलेली, हजरजबाबी, सडसडीत. पहिल्याच आठवड्यात वही मिटून म्हणाली, "मॅडम, यांच्याकडे टेबल पुरुष, दिवा बाई आणि मुलगी नपुंसकलिंगी? वाट लागली ना आपली!"

वर्ग हसला. मग तीच थबकली. "अरे, पण आमच्या मालवणीत पण मुलीला 'ता चेडू'च म्हणतात की. मग मला सोपं आहे."

आणि खरंच तिला ते सोपं गेलं. बाकीच्या मुली महिनाभर अडखळत होत्या, तिथे वैजू कधी चुकली नाही.

तिच्या आईला मी एकदाच भेटले, वैजू निघाली त्या दिवशी. वाकोल्याची चाळीतली दहा बाय बाराची खोली, मधोमध दोन बॅगा, आणि एका बॅगेवर आई बसलेली, चेन लागावी म्हणून. तिचा नवरा गिरणीत होता, गिरणी गेली आणि काही वर्षांनी तोही गेला. त्यानंतर या बाईने पोळ्या लाटून दोन्ही मुलं वाढवली. थोरला महेश आणि ही वैजू. मला पाहून ती बॅगेवरून उठली नाही, कारण चेन उघडली असती. तिथूनच माझा हात धरून म्हणाली, "माझ्या चेडवाक बरा शिकवलंस गो बाये. पण थंय गेल्यावर ता कोणाक विचारतला?"

"मला विचारेल," मी म्हटलं. "फोन आहे ना."

वैजू जर्मनीला गेली ऑक्टोबरात. तिकडे गेल्यावर लगेच नर्स म्हणून घेत नाहीत. आधी मदतनीस म्हणून राबायचं, आणि त्यांची एक परीक्षा द्यायची. पेशंटसमोर उभं राहून, परीक्षकांच्या देखत, काय करतो आहोत ते बोलत बोलत करून दाखवायचं. पास झालं की नर्स. नापास झालं तर आणखी एकदाच बसता येतं. वर्षभराने वैजू पहिल्यांदा बसली आणि नापास झाली. हात चुकले नाहीत, जीभ अडकली. म्हातारा पेशंट गावाकडच्या बोलीत भराभर काहीतरी म्हणाला आणि ती नुसती उभी राहिली.

"मॅडम, अकरा वर्षं इंजेक्शनं दिलीत मी," फोनवर ती रडत होती. "आणि त्या बाईने कागदावर लिहिलं, पेशंटशी संवाद नाही."

दुसरी परीक्षा मार्चमध्ये ठरली. ती शेवटची. मी म्हटलं, रोज बोलायचं. आपले संध्याकाळचे साडेसात म्हणजे तिकडची दुपार, तिची सकाळची पाळी संपलेली असायची. रोज एक तास, व्हिडिओवर, फक्त जर्मन. मी कधी चिडका पेशंट व्हायची, कधी घाबरलेली मुलगी, कधी घाईतला डॉक्टर. पाळी बदलताना पुढच्या नर्सला माहिती कशी द्यायची, तीही वाक्यं आम्ही घोकली. ताप इतका. जेवण घेतलं नाही. आणि सगळ्यात अवघड वाक्य, ते मी तिच्याकडून वीसेक वेळा तरी म्हणवून घेतलं असेल, "रुग्ण अमुक वाजता दगावली." त्यात एक शब्द आहे, 'फेरश्टॉर्बन'. तिच्या जिभेवर तो वळत नव्हता. मी म्हणायची, पुन्हा. ती म्हणायची, पुन्हा.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, रविवारी दुपारी, दारावर महेश उभा होता. दाढी वाढलेली, हातात हेल्मेट. मी त्याला आत घेतलं. पाणी आणायला वळले तर मागून म्हणाला, "मॅडम, आई गेली. शुक्रवारी पहाटे. झोपेतच."

मी परत येऊन त्याच्यासमोर बसले. पाणी आणायचं राहिलंच.

"वैजूला कधी कळवलंत?"

"नाही कळवलं. तेच सांगायला आलोय." तो हेल्मेटची पट्टी गुंडाळत होता, सोडत होता. "आता ती येऊन काय बघणार? सगळं उरकलं. तिकडून निघाली तर परीक्षा गेली, आणि ही शेवटची आहे. आईच म्हणाली होती, वैजूची परीक्षा होऊंदे."

हे आई कधी म्हणाली, कशावरून म्हणाली, मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

"पण ती रोज फोन करत असेल ना घरी?"

"रविवारी करते. तिला सांगितलंय, आई शिमग्याला गावी गेली. तिथे रेंज नाही." मग माझ्याकडे बघून तो म्हणाला, "रोज तुम्हीच बोलता तिच्याशी. तुमच्या तोंडावर दिसता कामा नये. एवढंच."

मी त्याला नाही म्हणाले नाही. 'हो'ही म्हणाले नाही. मी विचारलं, "परीक्षेला किती दिवस आहेत?" तो म्हणाला, "एकोणीस." आम्हा दोघांनाही पुरेल इतकं ते उत्तर होतं. तो उठला, दारात चपला घालताना एकदम भिंतीला टेकला आणि रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. समोरच्या दारामागे कुणीतरी इतिहासाच्या सनावळ्या पाठ करत होतं.

त्या दिवशी साडेसातला मी तोंड धुतलं, दिवा असा लावला की चेहऱ्यावर थेट उजेड पडू नये, आणि फोन उचलला.

त्यानंतरचे एकोणीस दिवस मला तारीखवार आठवतात असं नाही. तुकडे आठवतात. तिच्या मागची खिडकी, तिच्यातला राखाडी उजेड, काचेवर चिकटलेला ओला बर्फ. तिचे फाटलेले ओठ. मध्येच मराठीत येऊन ती म्हणायची, "आई मजेत असेल बघा गावाला. पालखी नाचवतील, ती सगळ्यांच्या पुढे. एक फोन करायला काय जातं हो हिचं?" आणि मी म्हणायची, "जर्मनमध्ये बोल." माझ्याकडे तेवढंच एक वाक्य होतं, आणि ते मी शिक्षिका म्हणून म्हणते आहे असं तिला वाटायचं.

बाराव्याला मी वाकोल्याला गेले. तीच खोली. भिंतीशी आईचा फोटो, हार घातलेला, त्याच्यासमोर पान वाढलेलं. महेशच्या बायकोने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. वडे होते, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर. चाळीतल्या बायका हळू आवाजात बोलत होत्या आणि प्रत्येकजणी कधी ना कधी म्हणत होती, "चेडवाक कळवूक नाय मां?" आणि दुसरी मान हलवायची, "परीक्षा आसा तेची."

संध्याकाळी भूतकाळाचा सराव होता. वैजूने मला विचारायचं, आज तुम्ही काय केलंत, आणि मी उत्तर द्यायचं. तिने विचारलं. मला दुसरं काही सुचेना. मी जर्मनमध्ये म्हटलं, "मी आज एका ओळखीच्या बाईंकडे जेवायला गेले होते."

"काय होतं जेवायला?"

"वडे. काळ्या वाटाण्याचं सांबारं."

ती एकदम फुलली. जर्मन सुटली. "मालवणी बाई! मॅडम, मला कधी बोलला नाहीत. फुगले होते वडे?"

"फुगले होते," मी म्हटलं.

"माझ्या आईचे बघा एकदा. मी आले ना की करायला लावते."

कॅमेरा बंद करून मी म्हटलं, रेंज जाते आहे. दोन मिनिटांनी पुन्हा चालू केला.

परीक्षेच्या आदल्या दिवशीचा तास मात्र मला अक्षरन् अक्षर आठवतो. सुरुवातीला परीक्षक उमेदवाराला स्वतःबद्दल विचारतात. मी परीक्षक झाले. तिने केस मागे बांधले होते, पाठ ताठ होती. एक शब्द न अडखळता ती बोलत गेली. माझं नाव वैजयंती. मी मुंबईहून आले. अकरा वर्षं मी नर्स आहे. आणि मग, "माइने मुटर लेब्ट इन मुंबई."

माझी आई मुंबईत राहते. जर्मनमध्ये राहणं आणि जिवंत असणं, दोन्हीला हेच एक क्रियापद चालतं. हे तिला मीच शिकवलं होतं. तिने वाक्य म्हटलं आणि माझ्याकडे बघून थांबली, चुकलं असेल तर मी सांगेन म्हणून. इतकी वर्षं मी चुका दुरुस्त करत आले, आणि त्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

"शाबास," मी म्हटलं.

ती पास झाली. निकाल त्याच दिवशी लागला. मला तिचा मेसेज आला, नुसतं नाव, 'मॅडम', आणि पुढे एकामागोमाग उद्गारचिन्हं. पाऊण तासाने महेशचा आला, 'सांगितलं.' मी फोन केला, तिने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, नाही. मी लांबलचक पत्र लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. पुढे काही नाही.

वर्ष झाल्यावर ती आली. आईच्या वर्षश्राद्धासाठी आली होती. मला न कळवता दुपारी दारात उभी राहिली. अंगाने भरली होती, केस आखूड केले होते. मी चहा केला. तिने घोटभर घेतला आणि सरळ विचारलं, "आई खरंच म्हणाली होती, परीक्षा होऊंदे?"

"महेश म्हणाला."

"दादा मला म्हणाला, मॅडम म्हणाल्या, आत्ता नको."

महेश खोटं बोलला असं मला अजूनही वाटत नाही. माझ्या त्या 'किती दिवस आहेत' या प्रश्नाचा अर्थ त्याने लावला होता, आणि तो चुकीचा नव्हता.

"ते वडे," ती म्हणाली. "बाराव्याचे होते ना?"

"हो."

"फुगले होते म्हणालात."

ती खिडकीबाहेर बघत सांगू लागली. निकाल कळला तेव्हा ती इस्पितळाबाहेरच्या बसथांब्यावर होती. पहिला फोन तिने आईला लावला. बंद. मग दादाला. दादाने सांगितलं. ती बाकावर बसली. शेजारी एक म्हातारी होती, काठीवाली. तिने विचारलं, काय झालं मुली?

"मला सांगायचं होतं, माझी आई गेली. तोंडातून काय निघालं माहितेय, मॅडम? 'रुग्ण दगावली.' तेच वाक्य, तुम्ही घोकून घेतलेलं. एका दमात, न अडखळता. म्हातारीला वाटलं मी ड्युटीवरून आलेय, पेशंट गेलाय. ती माझ्या हातावर थोपटून म्हणाली, होतं असं, तू तुझ्याकडून सगळं केलं असशील." वैजूने कप दूर सरकवला. "मी तिला नंतर पण नाही सांगितलं. बस आली."

बाहेर उन्हं तापली होती. तिने कप उचलून स्वतःच मोरीत नेऊन ठेवला. दारात म्हणाली, "तुम्ही नसतात तर मी पास नसते झाले. ते पण खरं आहे." आणि चपला घालून जिना उतरून गेली. लिफ्टची वाट बघितली नाही.

त्यालाही आता वर्ष झालं. ती तिकडेच आहे, पक्की नर्स आहे, एवढं तिच्या फोनवरच्या बदलत्या फोटोंवरून कळतं. मला ती फोन करत नाही. मीही करत नाही. कधीकधी साडेसातला हात आपोआप दिव्याकडे जातो.

मला मावशीचीही आठवण येते हल्ली. ते पन्हं प्यायल्यावर आई सांगत होती तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो मावशीचा नव्हता. नऊ दिवस घरातली सगळी माणसं माझ्याशी खोटं वागली आणि मला कळलंसुद्धा नाही, हा होता. चाळीस वर्षं मी तो कुठे ठेवला होता कोण जाणे.

या मार्चमध्ये घाटकोपरला नवी बॅच सुरू झाली. चौदा मुली. पहिल्या दिवशी नावं, मुळाक्षरं झाल्यावर मी पुस्तक मिटलं आणि त्यांना म्हटलं, एक कागद घ्या. तुम्ही तिकडे असाल, परीक्षा तोंडावर असेल आणि इथे घरी काही वाईट झालं, तर तुम्हाला लगेच कळवायचं की परीक्षा झाल्यावर? नाव घालून लिहून द्या, मी जपून ठेवणार आहे.

आधी हसल्या. मग हसू विरलं. खालून पापडीचा वास येत होता, पंखा फिरत होता. एकेकीने कागदावर हात आडवा धरून, पेपरात कॉपी करू नये म्हणून धरतात तसा, लिहिलं. तेरा कागद आले. सगळ्यांवर एकच उत्तर होतं, लगेच. काहींनी त्याखाली रेघ मारली होती.

मी विचारलं, "आणि तुमच्या धाकट्या बहिणीची परीक्षा असेल तर? तिला लगेच सांगाल?"

कुणी वर बघेना.

शेवटच्या बाकावरची एक मुलगी, भांडुपची, चार वर्षं आयसीयूत काम केलेली, कोरा कागद पुढ्यात घेऊन बसली होती. मी तिच्यापाशी गेले.

"तुझं काय?"

ती पेनाचं टोपण काढत होती, लावत होती.

"उद्या देते, मॅडम," ती म्हणाली. "आईला विचारून."